पेज, ताक आणि पोटातले जिवाणू

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या घरात सकाळी उकड्या तांदळाची पेज असते, दुपारी कुळथाची पिठी असते आणि जेवण संपता संपता भातावर ताक येते. हे सारे आपणच खातो, अशी आपली समजूत असते. पण या जेवणाचा थोडा भाग आपल्याला मुळीच पचत नाही. तो लहान आतडे ओलांडून मोठ्या आतड्यात पोचतो आणि तेथे राहणारे असंख्य जिवाणू त्यावर ताव मारतात. शिवाय ताकाबरोबर काही नवे जिवाणू जिवंतपणीच आपल्या पोटात शिरतात. म्हणजे एकाच ताटातून आत पाहुणेही जातात आणि आत राहणाऱ्यांचा शिधाही जातो.

पाहुण्या जिवाणूंना शास्त्रज्ञ 'प्रोबायोटिक' म्हणतात आणि शिध्याला 'प्रीबायोटिक'. दोन्ही एकत्र दिले, तर त्या जोडीला 'सिनबायोटिक' असे नाव आहे. आज औषधांच्या दुकानांत या नावांच्या पुड्या आणि कुप्या मिळतात, त्यांच्या जाहिराती आपण रोज पाहतो. त्यांवर घरातले पैसे खर्च करण्यापूर्वी पाहुणे किती, राहणारे किती आणि शिधा म्हणजे नेमके काय, याचा हिशेब मांडून पाहू या.

राहणारे किती?

आपण गिळलेला घास प्रथम जठरात जातो. तेथे हायड्रोक्लोरिक आम्ल असते. बहुतेक जिवाणूंना ते मानवत नाही. पुढे सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे लागते. अन्नाचे बहुतेक पचन आणि शोषण येथेच होते. त्यानंतर येते सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे. येथे अन्नाचा प्रवास मंदावतो, प्राणवायू जवळजवळ नसतो आणि ऊब कायम ३७ अंश सेल्सिअसची असते. अशा जागी जिवाणूंची वस्ती वाढली नाही तरच नवल!

२०१६ साली इस्राएलमधील वाइझमान संस्थेच्या रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी या वस्तीची नव्याने मोजदाद केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक सारे मोठ्या आतड्यातच राहतात. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी! मात्र जिवाणू इतके लहान, की या सर्वांचे मिळून वजन अवघे २०० ग्रॅम भरते, म्हणजे एका बेताच्या हापूस आंब्याइतके.

ही वस्ती सर्वांची सारखी नसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी एकत्र राहणाऱ्या, तीन पिढ्यांच्या दोन कुटुंबांतील माणसांच्या आतड्यांतले जिवाणू तपासले. तिन्ही पिढ्या एकाच घरात राहत होत्या, तरी वयाप्रमाणे त्यांच्या जिवाणूंच्या मुख्य गटांचे परस्पर प्रमाण बदललेले दिसले.

दह्यातले चाकरमानी

आता पाहुण्यांकडे वळू. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातल्या दह्यामधून एक दांड्याच्या आकाराचा जिवाणू शोधून काढला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने असे मत मांडले, की आंबवलेल्या दुधातील जिवाणू आतड्यातल्या घातक जिवाणूंना आवर घालतात आणि त्यामुळे माणसाचे आयुष्य वाढते. मेचनिकॉफला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते रोगप्रतिकाराच्या संशोधनासाठी, दह्यासाठी नव्हे. दीर्घायुष्याची त्याची कल्पना काही सिद्ध झाली नाही. तरी 'काही जिवाणू आपल्या हिताचे असतात' हा विचार मात्र तेव्हापासून रुजला.

आपण साधे गणित करू. एक ग्रॅम चांगल्या ताज्या दह्यात १० कोटी जिवंत जिवाणू आहेत असे धरा. १०० ग्रॅमच्या वाटीत ते झाले १,००० कोटी. आकडा केवढा मोठा! पण आत राहणारे आहेत ३८ लाख कोटी. भागाकार करा. दर ३,८०० रहिवाशांमागे पाहुणा एकच येतो.

हे प्रमाण डोळ्यांपुढे यावे म्हणून आपला जिल्हाच घ्या. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. तिला ३,८०० ने भागले तर सुमारे सव्वादोनशे येतात. म्हणजे सगळ्या जिल्ह्यात मिळून पाच एस.टी. गाड्या भरतील एवढीच माणसे उतरली. तीही जठराच्या आम्लातून सारीच्या सारी सुखरूप पार झाली असे मानले तर!

हे पाहुणे गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांसारखे असतात. येतात, चार दिवस राहतात, घरात गजबज करतात आणि परत जातात. दही खाणे थांबवले, की बहुधा थोड्याच दिवसांत ते आतड्यात सापडेनासे होतात. पण म्हणून त्यांचा काहीच उपयोग नाही असे समजू नका. पुष्कळ माणसांना दुधातली लॅक्टोज ही साखर पचत नाही. दूध प्याले की त्यांचे पोट दुखते, फुगते. दह्यातल्या जिवाणूंमध्ये ही साखर फोडणारे विकर असते. ते लहान आतड्यात उपयोगी पडते, आणि म्हणून अशा माणसांना दुधापेक्षा दही सोसते. चाकरमानी चार दिवसांत विहिरीचा उपसा करून गेले, तर काम झालेच ना!

आपल्याला न पचणारा शिधा

आता शिध्याची गोष्ट. भातातला स्टार्च म्हणजे ग्लुकोज साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. माळेतले दोन मणी ज्या दुव्याने जोडलेले असतात, तो दुवा तोडणारे विकर आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असते. कुलूप आणि किल्ली यांची जोडी जमली, की माळ तुटते आणि साखर रक्तात शोषली जाते.

कांदा आणि लसूण यांत 'इन्युलिन' नावाचा पदार्थ असतो. तीही साखरेचीच माळ, पण तिचे मणी फ्रुक्टोजचे आणि त्यांना जोडणारा दुवा वेगळ्या धाटणीचा. त्या कुलपाची किल्ली माणसाच्या शरीरात नाही. म्हणून इन्युलिन जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोचते. तेथील काही जिवाणूंकडे ती किल्ली असते आणि त्यांची चंगळ होते.

कुळीथ, चवळी, वाल यांतही अशा आखूड माळा असतात. कुळथाची उसळ किंवा पिठी जास्त खाल्ली की पोटात गुडगुडते, हे तुम्ही अनुभवले असेलच. जिवाणू या माळा आंबवतात तेव्हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. काही जणांत मिथेनही होतो. हायड्रोजनचा थोडा भाग रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. श्वासातला हा हायड्रोजन मोजून आतड्यात काय चालले आहे, याचा अंदाज डॉक्टर घेऊ शकतात.

स्टार्चचाही एक हट्टी प्रकार आहे. तांदळाच्या दाण्यात स्टार्चच्या माळा घट्ट रचलेल्या असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की त्या फुगतात, मोकळ्या होतात आणि विकराला सहज सापडतात. भात गार होऊ लागला, की काही माळा पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि स्फटिकासारखी शिस्तीची रचना करतात. गार भात कडक लागतो तो यामुळेच. या घट्ट झालेल्या भागात विकराला शिरकाव करता येत नाही आणि तो न पचता पुढे जातो. उकडे तांदूळ करताना भात भिजवून, उकडून, वाळवून मग भरडतात. त्यामुळे तापण्याची आणि गार होण्याची एक फेरी चुलीवर चढण्याआधीच झालेली असते. कच्च्या केळ्यातला बराचसा स्टार्चही असाच हट्टी असतो. केळे पिकले की त्याची साखर होते आणि शिधा कमी होतो.

शिध्याचे प्रमाण धान्याप्रमाणे बदलते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, कुळथात सुमारे ८ ग्रॅम, आणि पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. सारेच तंतू प्रीबायोटिक नव्हेत. ज्याचा उपयोग आतड्यातले जिवाणू निवडून करतात आणि त्यातून आपल्या आरोग्याला फायदा होतो, त्यालाच हे नाव शोभते. 'प्रीबायोटिक' आणि 'सिनबायोटिक' हे दोन्ही शब्द ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ साली रूढ केले.

शिधा संपला तर?

जिवाणू शिधा आंबवतात तेव्हा वायूबरोबर काही आम्लेही तयार करतात. त्यांत मुख्य तीन असतात: अॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. खवट लोण्याला जो वास येतो तो ब्युटिरिक आम्लाचा. पण मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन हेच आहे! या आम्लांमुळे आतड्यातली आम्लताही थोडी वाढते आणि काही उपद्रवी जिवाणूंना तेथे टिकणे कठीण होते. आपण जिवाणूंना जेवू घालतो आणि ते आपल्या आतड्याला जेवू घालतात, असा हा व्यवहार आहे.

व्यवहार मोडला तर काय होते, हे २०१६ साली महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून पाहिले. माणसाच्या आतड्यात सापडणाऱ्या १४ जातींचे जिवाणू त्यांनी जंतुरहित उंदरांच्या पोटात सोडले. काही उंदरांना तंतुयुक्त अन्न दिले, काहींना तंतूविना. तंतू मिळेनात तेव्हा जिवाणूंनी आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थरच खायला सुरुवात केली. थर पातळ झाला आणि रोगजंतू सोडल्यावर हे उंदीर अधिक गंभीर आजारी पडले. उंदरांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. तरी उपाशी रहिवासी घराच्याच भिंती कुरतडू लागतात, एवढे त्यातून स्पष्ट दिसले.

निसर्गाने केलेली जोडी

शिधा आणि जिवाणू यांची जोडी माणसाने शोधून काढली असे आपल्याला वाटते. पण ती तुम्हांआम्हां सर्वांच्या पहिल्या जेवणातच होती! १८९९ च्या सुमारास पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए याला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात दुफाटी फुटलेला एक जिवाणू विपुल आढळला. त्याला आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. तो बाळाच्या पोटात इतका का माजतो, याचे कारण पुष्कळ वर्षांनी कळले. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल सर्वांत जास्त असतात त्या काही खास शर्करा. गंमत अशी, की बाळाला त्या पचतच नाहीत! त्या आहेत या जिवाणूंसाठी. दुधाबरोबर थोडे जिवाणूही बाळाच्या पोटात जातात. शिधा आणि पाहुणे एकाच घोटात!

या तत्त्वाची मोठी परीक्षा आपल्याच देशात झाली. नवजात बाळांना रक्तात जंतुदोष होण्याचा धोका मोठा असतो. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,५५६ बाळांवर एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात आले. काही बाळांना सात दिवस एका ठराविक जातीचा लॅक्टोबॅसिलस जिवाणू आणि फ्रुक्टोजच्या आखूड माळा एकत्र दिल्या, तर इतरांना निरुपद्रवी, औषध नसलेली पूड दिली. दुसऱ्या गटात जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण शेकडा ९ होते, पहिल्या गटात शेकडा ५.४. म्हणजे दर हजार बाळांमागे ९० च्या जागी ५४. प्रत्येक आकड्यामागे एक पाळणा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते.

मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून दोन प्रश्न विचारले पाहिजेत. फायद्यातला किती वाटा जिवाणूंचा आणि किती शिध्याचा? नुसते जिवाणू किंवा नुसता शिधा दिलेले गट या चाचणीत नव्हते, म्हणून याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. दुसरा प्रश्न असा: हाच निष्कर्ष बाजारातल्या कोणत्याही पुडीला लावता येईल का? नाही. जिवाणूची जात, त्याची मात्रा आणि घेणाऱ्याचे वय बदलले, की परीक्षा नव्याने द्यावी लागते. ही बाळेही निदान २ किलो वजनाची आणि ठीक प्रकृतीची निवडलेली होती. फार लवकर जन्मलेल्या किंवा गंभीर आजारी माणसांना जिवंत जिवाणूच अपाय करू शकतात. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून काहीही करू नये.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही बोधप्रद आहे. ३६ प्रौढांपैकी काहींनी दहा आठवडे तंतुयुक्त अन्न वाढवले, तर काहींनी दह्यासारखे आंबवलेले पदार्थ वाढवले. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यांत जिवाणूंच्या जाती वाढल्या आणि रक्तातील दाहाच्या काही खुणा कमी झाल्या. तंतू खाणाऱ्यांत जातींची संख्या तेवढ्या काळात वाढली नाही. पाहुणे आणि शिधा यांचे काम एकसारखे नाही, हे यावरून दिसते. म्हणूनच ताटात दोघांनाही जागा असणे शहाणपणाचे.

करून पाहा

पाहुण्यांबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट तुम्हांला घरीच पडताळता येईल. तापवून कोमट केलेले दूध तीन स्वच्छ वाट्यांत सारखे घ्या. पहिल्या वाटीत अर्धा चमचा ताजे विरजण घाला. आणखी अर्धा चमचा विरजण दोन चमचे पाण्यात कालवून एका लहान भांड्यात घ्या, ते भांडे उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा, निवू द्या आणि मग दुसऱ्या वाटीत ओता. उकळत्या पाण्याजवळ घरातले मोठे माणूस हवे. तिसऱ्या वाटीत काहीच घालू नका. तिन्ही वाट्या झाकून उबदार जागी सहा ते आठ तास ठेवा.

पहिल्या वाटीत दही लागलेले दिसेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटीत ते लागणार नाही. दुसऱ्या वाटीत विरजण होते, पण त्यातले जिवाणू उष्णतेने मेले होते. तिसरी वाटी कशासाठी ठेवली, ते तुमचे तुम्हीच सांगा. या दोन वाट्यांतले दूध मात्र पिऊ नका, टाकून द्या.

आता स्वयंपाकघराकडे पुन्हा पाहा. ताकाची कढी उकळली, की पाहुणे संपले. चव तेवढी उरली. आंबोळीचे पीठ जिवाणूंनीच फुगवलेले असते, पण तव्यावर ते मरतात. शिध्याला मात्र उकळीची भीती नाही, कारण तो मुळी जिवंतच नसतो. कांदा शिजवला, कुळीथ उकडले, नाचणीची भाकरी भाजली, तरी तंतू बहुतांशी टिकतात. तेव्हा नियम सोपा आहे: शिधा शिजवून खावा, पाहुण्यांना गारच वाढावे. पेज कोमट झाल्यावर तिच्यात ताक घालणे किंवा कुळथाच्या उसळीबरोबर वाटीभर ताजे दही घेणे, यात दोन्ही साधते. घरच्या दह्याला शास्त्रीय अर्थाने 'प्रोबायोटिक' म्हणता येणार नाही. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येप्रमाणे जिवाणू पुरेशा मात्रेत असावेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा व्हावा, अशी अट आहे. घराघरातल्या विरजणाची तशी तपासणी कोणी केलेली नसते. तरी ते जिवंत, पौष्टिक आणि स्वस्त अन्न आहे, यात शंका नाही.

दोन सूचना मात्र ध्यानात ठेवा. तंतू एकदम वाढवू नका, पोट फुगेल. आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवा आणि पाणी भरपूर प्या. दुसरी सूचना गार भाताची. तांदळातील बॅसिलस सिरीयस या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तग धरतात आणि कोकणातल्या दमट उन्हाळ्यात उघड्या भातात विष तयार करू शकतात. नंतर भात गरम केला तरी ते विष जात नाही. म्हणून उरलेला भात तास-दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. आंबूस वास आलेला भात खाऊ नये.

सकाळी घाईघाईने मैद्याची चार बिस्किटे चहात बुडवून शाळेत गेलात, तर तुमचे पोट भरेल, पण ३८ लाख कोटी रहिवाशांच्या पानात जवळजवळ काहीच पडणार नाही. उद्याच्या दिवसभरात तुम्ही काय काय खाता, ते वहीत लिहून काढा. त्यातले काय तुमच्यासाठी, काय रहिवाशांसाठी आणि पाहुणे कोठून आले, असे तीन रकाने पाडा. एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो कशाने भरता येईल हे घरातल्या आजीला विचारा. पुष्कळदा ती वस्तू तिच्या फडताळातच सापडेल.